मेला मध

शनिवारची दुपार, अडीच-तीनचा सुमार. पाऊस आला म्हणून आयर्लंडमधल्या क्लॉनमेल गावात, मेन गार्डच्या कमानींखाली उभा राहिलो. 1675 सालची ही न्यायकचेरी. मधल्या काळात दुकानांनी हिच्या कमानी बुजवून टाकल्या होत्या. आता त्या पुन्हा मोकळ्या केल्यात. म्हणजे दुकानदार सगळीकडे सारखेच. पिशवीत सकाळी बाजारात घेतलेली मधाची बाटली होती आणि डोक्यात गावाच्या वेशीवरची पाटी.

त्या पाटीवर वर तिरप्या अक्षरांत आयरिश नाव, खाली इंग्रजी. आयरिश नावातला दुसरा शब्द माझा मराठी डोळा 'मेला' असाच वाचतो. चार वर्षं झाली, खोड जात नाही. खरा उच्चार 'म्याला'च्या जवळचा आणि अर्थ मधाचा. पहिला शब्द क्लुअन, म्हणजे कुरण. मधाचं कुरण! इतक्या गोड नावाच्या गावात शिरताना मी दर खेपेला कुणीतरी मेल्याची बातमी वाचतो.

आजीचा दोष. वाईच्या बाजारात मधवाला दिसला की ती आधी पेलाभर पाणी मागायची. थेंब सोडायचा, तो न विरघळता सरळ तळाशी गेला पाहिजे. मग वर्तमानपत्राच्या कपट्यावर एक थेंब. कागद मागून ओला झाला की संपलं. शेवटी करंगळी. करंगळी चाटून, डोळे बारीक करून ती म्हणायची, "मेल्या, गुळाचा पाक विकतोस होय रे!" तो हसायचा. पुढच्या आठवड्यात तोच मेला, तोच मध, तोच पेला. आणि आजी घ्यायचीच.

इथल्या नदीचंही असंच. लिहायची 'सुइर', म्हणायची जवळजवळ 'शूर'. बॅरो, नोर आणि ही, अशा तिघी बहिणी; वॉटरफर्डच्या जवळ भेटतात. एके काळी इथलं पीठ, लोणी, खारवलेलं मांस हिच्यावरून खाली जायचं आणि येताना प्रवाहाविरुद्ध पडाव ओढायला काठाने घोडे चालायचे. कॅरिक गावापर्यंतची ती घोड्यांची वाट अजून आहे. आता तिच्यावर सायकली, आणि मालकाला ओढत नेणारी कुत्री.

शूर म्हटलं की 1650 आठवतं. इंग्रज सेनापती क्रॉमवेलचा या गावाला वेढा. तोफांनी तटाला खिंडार पडलं, तर आतल्या शिबंदीचा आयरिश सेनापती ह्यू दुव ओ'नीलने खिंडाराच्या मागे नव्या भिंती रचून सापळा केला. इंग्रज शिपाई आत घुसले ते शेकड्यांनी पडले. पण दारूगोळा संपत आला होता. ओ'नील शिबंदी घेऊन रात्रीतून निसटला. इकडे महापौराने शांतपणे तह केला आणि मग क्रॉमवेलला कळलं की पाखरं कधीच उडाली. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सांगणाऱ्याच्या तोंडावर मी "पन्हाळा!" म्हणून ओरडलो. त्याला काही कळलं नाही. पन्हाळ्याला तेव्हा अजून दहा वर्षं होती हे मलाही नंतर सुचलं.

माझा लाडका मात्र बियांकोनी. इटलीहून पोरवयात आला, पाठीवर चित्रांची पेटी घेऊन गावोगाव पायी हिंडला. पाय दुखले असणार, दुसरं काय! 1815 साली त्याने क्लॉनमेल ते जवळचं काहिर गाव अशी घोडागाडी सुरू केली. पुढच्या लांब गाड्यांत उतारू पाठीला पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून बसत. म्हणजे एका प्रवासात अर्धाच देश दिसायचा. हा परका पुढे दोनदा इथला महापौर झाला. 2017 साली मूळ मालवणकडचे लिओ वरडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि त्यांचं नाव आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मालवणी गजरात दुमदुमलं, तेव्हा मला आधी हाच आठवला होता.

पाऊस थांबला. घरी येऊन बाटली उघडली तर मध थिजलेला, पांढरट, थंडीतल्या तुपासारखा. आयव्हीच्या फुलांचा मध असाच बसतो, विकणाऱ्या बाईंनी आधीच बजावलं होतं. आजीने साखर म्हणून बाटली परत केली असती. पेल्यात पाणी घेतलं. थेंब काही पडेना, तेव्हा चमच्याने ढेकूळ काढून टाकलं.

बुडालं. दगडही बुडतो म्हणा.