गार पडलेली बोटे

मॅनोमेट्रीसाठी, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या तपासणीसाठी, आलेल्या त्या बाईंच्या फाइलवर 'जुने आम्लपित्त, शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी' एवढेच लिहिलेले होते. छातीत जळजळ, रात्री घशाशी येणारे आंबट पाणी आणि अलीकडे कोरडा घास छातीत अडकणे या तक्रारींना औषधांनी पुरेसा उतार पडत नसल्याने, जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून तिचे खालचे तोंड घट्ट करण्याची शस्त्रक्रिया ठरली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांची एंडोस्कोपी मीच केली होती आणि किरकोळ सुजेखेरीज दोष नाही, असा अहवाल दिला होता.

नळी घालण्यापूर्वी परिचारिकेने त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, पण आकडा येईना. बोट बदलले, यंत्र बदलले, तरी येईना. मी हात हातात घेतला, तर बोटे गारठलेली, टोके पांढरीफटक आणि कातडी इतकी ताणलेली की पेरांवरच्या सुरकुत्या पुसल्या गेल्या होत्या. "हे बरीच वर्षं आहे हो डॉक्टर. गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरी, मग निळी पडतात. त्याचा पोटाशी काय संबंध, म्हणून कधी सांगितलं नाही." मीही कधी विचारले नव्हते.

नाकातून घातलेल्या त्या बारीक नळीवर एकेक सेंटिमीटर अंतराने 36 दाबमापक असतात. रुग्णाला आडवे झोपवून 5 मिलिलिटर पाण्याचे 10 घोट दिले जातात आणि प्रत्येक घोटाबरोबर पडद्यावर अन्ननलिकेच्या आकुंचनाचा, वरून खाली उतरणारा रंगीत तिरका पट्टा उमटतो. बाईंच्या दहाही घोटांना तो पट्टा वरच्या टोकाला जेमतेम उमटून विरला, आणि खाली छातीभर दाब नसल्याचा निळा रंग तसाच पसरलेला राहिला. खालच्या झडपेचा दाबही अत्यल्प होता, पण घोटाबरोबर ती नीट सैल होत होती, म्हणजे हा अ‍ॅकलेशिया, म्हणजे झडप सैलच न होण्याचा आजार, नव्हता.

अन्ननलिकेचा वरचा भाग ऐच्छिक स्नायूंचा आणि खालचा अनैच्छिक स्नायूंचा असतो. सिस्टिमिक स्क्लेरोसिस या, कातडी ताठ करणाऱ्या आणि बोटांचा रक्तपुरवठा व आतले अवयव बिघडवणाऱ्या आजारात खालचाच भाग निकामी होतो. पॉलिमायोसायटिस या स्नायूंच्या दाहाच्या आजारात मुख्यतः वरचा दुबळा होतो आणि घास उतरण्याऐवजी ठसका लागतो, पाणी नाकात येते. एंडोस्कोपीला अस्तर दिसते, स्नायूंचा जोर दिसत नाही. बेरियमचे द्रव पाजून क्ष-किरणांखाली पाहण्याची तपासणी उभ्याने केली, तर केवळ गुरुत्वाकर्षणाने ते खाली उतरते आणि दोष झाकला जातो, म्हणून ती आडवे झोपवूनही करावी लागते. अर्थात आकुंचनाचा असा अभाव इतर काही कारणांनीही दिसतो, त्यामुळे केवळ या आलेखावरून आजाराचे नाव लिहिणे मला रास्त वाटले नाही.

मी लगेच सर्जनना फोन केला. ढकलणारा जोरच नसलेल्या नळीचे तोंड आवळले असते, तर बाईंना पातळ अन्न गिळणेही कठीण झाले असते. शस्त्रक्रिया रद्द झाली. पुढे नखांच्या कडेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची तपासणी आणि रक्तातील सेंट्रोमिअरविरोधी प्रतिपिंडे (या आजारात आढळणारी) यांवरून संधिवाततज्ज्ञांनी सिस्टिमिक स्क्लेरोसिसचे निदान पक्के केले. श्वासाची चाचणी आणि छातीचा स्कॅनही झाला, कारण या आजारात फुप्फुसे कडक होऊ शकतात आणि वर येणारे आम्ल त्यांच्यातही झिरपू शकते.

बोटांच्या रक्तपुरवठ्यासाठी निफेडिपिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध सुरू करण्यापूर्वी संधिवाततज्ज्ञांनी मला विचारले, कारण ते अन्ननलिकेची आधीच सैल असलेली झडप आणखी सैल करते. पण एका बोटाच्या टोकाला जखम होऊ लागली होती. आम्ही ते कमी मात्रेत सुरू केले, आम्ल कमी करणाऱ्या गोळीची मात्रा वाढवली, खाटेची उशाकडची बाजू उचलून घ्यायला सांगितले आणि त्यांना चार आठवड्यांनी परत बोलावले.