कांडाळीत आलेलं कासव

डिसेंबरातली पहाट. संध्याकाळी टाकलेली कांडाळी, म्हणजे मासा कल्ल्यांशी अडकवणारी जाळी, ओढायला मी आणि तात्या, म्हणजे माझे काका, मालवणजवळच्या देवबागसमोर होडी घेऊन गेलो होतो. बांगडा बरा लागला होता. जाळ्यात कल्ल्यांशी अडकलेला एकेक मासा सोडवून मी टोपलीत टाकत होतो. बांगडा तडफडतो, तोंड उघडतो, थंड होतो. मला त्याचं कधी काही वाटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मग जाळं अचानक जड झालं. वर आलं ते कासव, चांगलं दोन फुटांचं, ऑलिव्ह रिडले. पुढच्या परांना आणि मानेला नायलॉनचे वेढे, डोकं लोंबतंय. कासवाला फुप्फुसं असतात. श्वासाला वर येता आलं नाही की ते बुडतं.

"मेलं," मी म्हणालो.

"मेला असा कसा सांगतंस? पाण्यात टाकू नको हां!"

तात्यांनी सुरी काढली आणि दोन वाव, म्हणजे दहा-बारा फूट, जाळं सरळ कापलं. नवं जाळं होतं, माझा जीव कळवळला. २०१८ पासून अशा कापलेल्या जाळ्याला सरकारकडून २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, पण फोटो लागतात. म्हणून मी मोबाइल काढला.

तात्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी कासव पोटावरच ठेवलं, शेपटीकडून उचलून खाली दोरखंडाची गुंडाळी सरकवली. तोंडातून पाण्याची बारीक धार लागली. पाठीवर ओलं गोणपाट. पुढचा तासभर आम्ही नुसते बसून. मधूनमधून तात्या त्याच्या डोळ्याच्या कडेला बोट लावून बघत. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा पापणी हलली. डोळ्यातून चिकट पाणी ओघळत होतं. तात्या म्हणाले, रडता. अंगातलं मीठ ते असं बाहेर टाकतं हे मी वाचलं होतं, पण बोललो नाही.

पर आपटायला लागल्यावर इंजिन बंद करून दोघांनी ते पाण्यात सोडलं. तात्यांनी ओंजळीने तीनदा पाणी सोडलं आणि चक्क गाऱ्हाणं घालायला लागले.

"बा देवा महाराजा, लेकरांची चूक झाली आसात, ती पदरात घे रे महाराजा..."

गाऱ्हाण्याला साथ लागते. होडीत दुसरं कोणी नव्हतं. एका हातात मोबाइल, पायाशी बांगड्याची टोपली, त्यातले सगळे केव्हाच थंड झाले होते.

"व्हय महाराजा," मी म्हणालो.