चिंगी अपडेट: १९ कोरड्या रात्री, आणि मग ओली गोधडी

मंडळी, माझी कुत्री चिंगी रात्री घरात शू करते म्हणून मी इथे उपाय विचारले होते, आणि त्यानंतर १९ रात्री सलग कोरड्या गेल्या होत्या! तुम्ही सांगितलं तसं शेवटची चक्कर साडेनऊवरून सव्वाअकराला नेली, फिनेल पूर्ण बंद करून एन्झाइमवालं क्लीनर (शूचा वास मुळातून काढणारं) आणलं, यूव्ही टॉर्चने (तिच्या उजेडात शूचे जुने डाग चमकतात) सोफ्याच्या पायापाशी जुना डाग सापडला तोही दोनदा भिजवून काढला, आणि बाल्कनीच्या दारापाशी होणारी शू खरंच थांबली. (पहिली बाटली ऑनलाइन मागवलेली, त्यात नुसता लव्हेंडरचा वास, डाग तसाच. प्राण्यांच्या दुकानातून आणलेलंच कामाला आलं.)

मग एका पहाटे चारला उठले तर गोधडीवर ताटलीएवढा ओला डाग, अजून कोमट, आणि चिंगी बाजूला लादीवर कान पाडून बसलेली. मागच्या मांड्यांचे केस चिकटलेले. इतकं वाईट वाटलं, वाटलं सगळं परत पहिल्यापासून.

पण झिरोचा बल्ब लावून जुना मोबाईल रेकॉर्डिंगला ठेवला होता ते बरं झालं. व्हिडिओत ती गाढ झोपलीय, पाय स्वप्नात हलतायत, मग दचकून उठते, हुंगते, चाटते आणि लादीवर जाऊन बसते. कुठेही उकिडवी बसलेली नाही! म्हणजे ही शू तिने केलीच नाही, झोपेत गळली. मी इतके दिवस दोन वेगळ्या गोष्टी एकच समजून चालले होते, दारापाशीची सवयीची आणि जुन्या डागांच्या वासामुळे होती, ही वेगळीच.

डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये हार्मोन कमी पडून लघवी धरणारा स्नायू ढिला पडतो, आणि ते ऑपरेशननंतर काही वर्षांनीही सुरू होऊ शकतं म्हणाले. चिंगीचं होऊन ३ वर्षं झाली. त्यावर औषधं आहेत, पण त्यातलं एक बीपी वाढवू शकतं म्हणून आधी बीपी बघायचं, आणि त्याच्याही आधी इन्फेक्शन नाही ना ते. सॅम्पल घ्यायला सकाळच्या पहिल्या चकरीला जुनी वरणाची पळी धुवून नेली, ती बसली की मागून हळूच सरकवायची. दोन दिवस ती पळी बघून उठून उभी राहायची, तिसऱ्या दिवशी जमलं, आणि मला तिथेच नाचावंसं वाटलं! साखर नाही, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०३२, म्हणजे लघवी नीट घट्ट होतेय. कल्चरचा (लघवीत जंतू वाढतात का ते बघायची टेस्ट) रिपोर्ट यायचाय.

आई म्हणते रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेव. ते मी करणार नाही, तहानलेलं ठेवून गळणं थांबत नाही. पाणी मोजलंय, १७ किलोची आहे आणि दिवसाला साधारण ११५० मिली पिते. किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं तर काळजी, ती त्याच्या बरीच आत आहे.

डायपर मागवणार होते, पण लिहिता लिहिता सुचलं की गोधडीवर पॅड टाकून सकाळी किचनच्या काट्यावर वजन केलं तर किती गळलं ते ग्रॅममध्येच कळेल, १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिली. औषध सुरू झालं की फरकही आकड्यात दिसेल. डायपर राहू दे, त्याने ओलसरपणा अडकून मांड्यांना पुरळ येतं, आणि मागचा तिने दहा मिनिटांत फाडला होता.

आजचं पॅड कोरडं ३८ ग्रॅम. गोधडीवर टाकलंय, वर चिंगी आधीच घोरतेय.