वाचलेला मेल

कस्टम क्लिअरिंगच्या धंद्यात माल नंतर येतो, मेल आधी येतात. आमचं ऑफिस वाशीत, कंटेनर उतरतात न्हावा शेवाला, आणि मधलं सगळं काम एका सामाईक मेलबॉक्सवर चालतं. अरायव्हल नोटीस, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, डिलिव्हरी ऑर्डर, गाडीचा नंबर, सगळं तिथेच. सब्जेक्टमध्ये कंटेनर नंबर आधी, हा दंडक मी घातला. चार अक्षरं आणि सात आकडे. शेवटचा आकडा आधीच्या दहा अक्षर-आकड्यांवरून काढलेला असतो, त्यामुळे टाइप करताना चूक झाली तर तपासता येते. तरी पार्ट्या 'अर्जंट' किंवा 'गुड मॉर्निंग सर' एवढंच लिहितात. मागच्या महिन्यातल्या मेललाच रिप्लाय करून नव्या मालाचे कागद पाठवतात, म्हणजे दोन शिपमेंट एकाच धाग्यात अडकतात. याचा मला मनापासून राग येतो.

त्या दिवशी मात्र घोळ वेगळाच होता.

रबाळ्याच्या एका कारखान्याचा कच्चा माल डीपीडीने, म्हणजे सीएफएसला, बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात, न नेता थेट बंदरातून उचलायचा होता. त्याला ४८ तासांची मुदत. ती हुकली की बॉक्स, म्हणजे कंटेनर, सीएफएसला जातो, खर्च चढतो आणि कारखाना मालाची वाट बघत बसतो. पहाटे ट्रेलरच्या ड्रायव्हरचा फोन आला, "ताई, या टर्मिनलला आपला बॉक्स नाही म्हणतात." धो धो पाऊस, करळ फाट्यापासून गाड्यांची रांग, आणि ती पार करून हा माणूस चुकीच्या गेटवर. बाहेरच्यांना न्हावा शेवा म्हणजे एक बंदर वाटतं. आत टर्मिनल अनेक आहेत, प्रत्येकाचं गेट वेगळं, आणि धक्का मोकळा नसला की जहाज ऐनवेळी दुसरीकडे लागतं.

तशी सूचना जहाज कंपनीने पाठवली असणार. कंटेनर नंबराने शोधलं, काही नाही. मग जहाजाचं नाव आणि व्हॉयेज नंबर टाकला तर मेल सापडला. आदल्या संध्याकाळचा. त्यात कंटेनर नंबर नव्हताच, जहाज कंपन्या अशा सूचना जहाजापुरत्याच काढतात. आणि तो मेल ठळक अक्षरात नव्हता. वाचलेला होता.

ट्रेलर वळवला, मुदतीत माल बाहेर पडला, कारखान्याला पोचला. ते काम आम्हाला येतं.

पण साहेब ऑफिसला आले ते चिडूनच. संध्याकाळनंतर मेलबॉक्सवर एकच जण असतो, आमचा रात्रपाळीचा मुलगा. त्याने मेल उघडला आणि कुणाला कळवलं नाही, असं साहेबांनी धरलं, आणि सगळ्यांना सीसी करून त्याला झापणारा मेल टाकला. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "बघितला असेन ताई. आठवत नाही."

ते उत्तर मला सहन झालं नाही. हा मुलगा रात्रीचा प्रत्येक मेल वहीत उतरवतो, वेळेसकट. वहीत हा मेल नव्हता. मग मी सेटिंग्जमध्ये जाऊन फिल्टरची यादी काढली. ती आमच्याकडे कुणी कधी उघडतच नाही. तिथे होतं: या पत्त्यावरून येणारा मेल इनबॉक्समध्ये आणू नये, वाचलेला म्हणून खूण करावी, 'सूचना' हे लेबल लावावं.

यादीत नियम कुणी केला, कधी केला, काहीच दिसत नाही. लेबलांची धाटणी मात्र ओळखीची होती. आमच्याकडचे एक सहकारी नोकरी सोडून गेले. त्यांचा इनबॉक्स रोज संध्याकाळी रिकामा असायचा आणि साहेब सगळ्यांना त्यांचा दाखला देत. नियम केला तेव्हा तो बरोबरच होता. त्या पत्त्यावरून तेव्हा फक्त सुट्ट्या आणि दरपत्रकं यायची. पुढे कंपनीने टर्मिनल-बदलही तिथूनच कळवायला सुरुवात केली. आमच्यातल्या सगळ्यात नीटनेटक्या माणसाचं काम त्याच्यामागे असं चालू राहिलं, यावर मी अजून विचार करते आहे. त्यांना दोष द्यावा असं वाटत नाही. एकच पासवर्ड सगळ्यांना वाटून देणाऱ्या ऑफिसला द्यावासा वाटतो.

आता आमच्याकडे लेबल लावणारे नियम चालतात, 'वाचलेला' करणारे चालत नाहीत. प्रत्येक नियम वहीत लिहिलेला असतो, कुणी केला आणि कशासाठी यासकट. मेल ज्याने हातात घेतला त्याच्या नावाचं लेबल लागतं, कारण सामाईक मेलबॉक्समध्ये 'वाचलेला' या खुणेवरून कुणी वाचला हे कळत नाही.

नियम दाखवल्यावर साहेब म्हणाले, "बरं झालं सापडलं," आणि विषय संपवला. मला ते पटलं नाही. बोल सगळ्यांसमोर लावला होता, तर खुलासाही सगळ्यांसमोरच व्हायला हवा होता. दोन दिवस वाट पाहिली. मग साहेबांच्याच त्या मेलला रिप्लाय-ऑल करून, फिल्टरचा स्क्रीनशॉट जोडून, मी लिहिलं की हा मेल त्या मुलाने उघडलेलाच नव्हता.