उद्या या, सर!

परभणीत लॉन कापायचं मशीन सहज मिळतं. पण त्याच्या पात्याला नीट धार लावून देणारा सापडणं महाकठीण. हे लिहितानाही माझा पारा चढलेलाच आहे, म्हणून थोडं सांभाळून घ्या.

घरापुढे हराळी लावलीय. हो, तीच. वडिलांची हयात ती शेतातून खणून काढण्यात गेली आणि मी ती हौसेनं अंगणात आणली. आमच्या काळ्या रानात अन् इथल्या उन्हात दुसरं कुठलंही लॉन इतकं तग धरत नाही.

आषाढात झड लागली आणि नेमकं तेव्हाच पातं बोथट झालं. ते ओळखायला सोपं असतं. कापल्यावर एक-दोन दिवसांत लॉन लांबून पांढुरकं दिसायला लागतं. वाकून पान हातात धरा. शेंडा सरळ कापलेला नसतो, फाटलेला असतो, त्याला बारीक धागे लोंबत असतात. तो वाळतो, आणि रोगाला आत शिरायला वाट मिळते.

पातं घेऊन मशीन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. आत पाय ठेवायला जागा नाही, नुसते फवारणीचे पंप. सोयाबीन-कापसाचे दिवस. "ठेवून जा सर, उद्या या." उद्या गेलो तर कारागीर गावाकडं गेलेला. मग लाइट नव्हती. मग मालक जेवायला. एकदा तर माझं पातं पंपाच्या नळ्यांखाली दिसलं आणि त्यावर कुणाचा तरी चहाचा कप. शेतकऱ्याचा पंप आधी, हे मला शंभर टक्के मान्य आहे. मग तसं सांगा ना! "पोळ्यानंतर या" म्हणाले असते तर मी नाद सोडला असता. रोज "उद्या" कशाला?

शेवटी पातं मिळालं तर धारेची कड निळी पडलेली. ग्राइंडरवर दाबून धरलं की पोलाद तापतं, त्यावर निळी झाक येते आणि त्याचं पाणी उतरतं. मग ती धार टिकत नाही.

"बघा सर, कशी चमकतीय!"

"चमकत नाही हो, जळालीय."

पैसे मात्र पुरे घेतले. आणि थोड्याच कापण्यांत शेंडे पुन्हा पांढरे.

मग हार्डवेअरमधून कानस आणली. आता हे काम मी कुणालाही देत नाही. पातं व्हाइसमध्ये घट्ट आवळायचं, कंपनीनं दिलेला उतार तसाच ठेवायचा, कानस एकाच दिशेनं ढकलायची आणि परत आणताना उचलायची. मग मधल्या भोकातून पातं खिळ्यावर अडकवायचं. जी बाजू खाली झुकेल ती जड, तिला आणखी थोडं घासायचं. तोल चुकला तर मशीन थरथरतं आणि बेअरिंग खातं. अन् हो, पात्याला हात लावायच्या आधी मशीनची वायर बोर्डातून काढा. हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

या "उद्या"च्या काळात गवत घोट्याच्या वर गेलं होतं. असं वाढलेलं गवत एका दमात खाली आणायचं नसतं. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापलं की खालची पिवळी देठं उघडी पडतात आणि मुळांची वाढ थांबते. मी दर खेपेला थोडं थोडं उतरवत दीड इंचावर आणलं. गणपती तोंडावर आले होते, हात नुसते शिवशिवत होते, तरी धीर धरला. तेवढ्यासाठी स्वतःची पाठ थोपटून घेतो.

झड थांबली की लगेच मशीन काढू नका. ओली काळी माती चाकाखाली दबून घट्ट होते आणि मशीनखाली गवताचे गोळे चिकटतात. दर वेळी कापायची दिशा बदला. बारीक कात्रण तिथेच पडू द्या, ते कुजून नत्र मातीत परत जातं. लांब कात्रण मात्र गोळा करा, नाहीतर खालचं गवत गुदमरतं.

गणपतीआधी एक कोपरा कापायचा सोडतो, गल्लीतल्या बायका दुर्वा खुडायला येतात.

उन्हाळ्यात गवत नेहमीपेक्षा अर्धा इंच जास्त उंच ठेवा. आणि मे महिन्यात हराळी पिवळी पडली म्हणून टँकर मागवू नका. वरून वाळली तरी खाली ती जिवंत असते, पावसात पुन्हा फुटते.