गरीब आहे म्हणून चोरी करतो का?

मी वकील, लीगल एडच्या (ज्यांना परवडत नाही त्यांना सरकारकडून मोफत वकील) केसेस घेते म्हटलं की लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमधे, कुठेही हाच प्रश्न, की मॅडम तुम्हीच सांगा, गरिबीमुळेच गुन्हे होतात ना? परवा परत विचारलंत म्हणून लिहितेय.

मला नाही तसं वाटत. ठाण्यात कुठल्याही मजूर नाक्यावर सकाळी जाऊन बघा, बारा वाजेपर्यंत काम नाही मिळालं तर माणसं डबा तसाच घेऊन गपचूप घरी जातात, कोणाचा खिसा नाही कापत. आणि माझ्या ओळखीतल्या लोकांचे फ्लॅटचे पैसे ज्या बिल्डरने बुडवले तो काय उपाशी होता? त्याला अटकपूर्व जामीन मिळाला, एक रात्रही आत काढली नाही.

गरिबी आड येते ती इथे, जामिनाला.

कळव्याचा एक पोरगा, गॅरेजमधे कामाला, मोबाइल चोरीत पकडला. चोरी केली होती का ते वकिलाला विचारू नका. जामीन आठवड्यात मंजूर, १५ हजार आणि एक जामीनदार. झालं, अडलं तिथेच. जामीनदाराला पगाराची स्लिप नाहीतर ऐपतीचा दाखला पाहिजे, आता आई चार घरची धुणीभांडी करणारी, शेजारी रिक्षावाले, स्लिप आणणार कुठून? मामाची जालन्याकडे दोन एकर जमीन, तर म्हणे दुसऱ्या जिल्ह्यातला नको. अहो, १९७८ सालीच मोतीराम नावाच्या गवंड्याच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने हेच चूक ठरवलंय, त्याच्याकडे १० हजारांचा जामीन मागितला होता, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारली होती, न्या. कृष्णा अय्यर यांनी १ हजाराच्या जातमुचलक्यावर (जामीनदार नाही, स्वतःचंच हमीपत्र) सोडायला सांगितलं. निकाल शिकवतात सगळीकडे, पाळतात कमी. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कैदी कच्चे, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, आहेत ते उगाच नाही (सगळेच गरीब नसतात, मान्य).

नव्या फौजदारी कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) पहिल्यांदाच सापडलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की जातमुचलक्यावर सोडायची सोय आहे, पण साध्या चोरीला ३ वर्षं, म्हणजे आधी वर्षभर बसा.

अडीच महिन्यांनी रक्कम कमी करून घेतली, सुटला. गॅरेजची नोकरी गेलेली. बाहेर आल्यावर विचारतो, मॅडम, पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला असता तर आधी सुटलो असतो का?

बहुतेक हो. पण मी त्याला चहा घेणार का विचारलं.