यंदा चषक कोण मारणार?

मे महिन्यात आमच्या अलिबागच्या बाजूला रात्रीची कबड्डी जोरात असते, चाकरमानी आलेले असतात, आणि पहिली चढाई पडायच्या आधीच टपरीवर चर्चा सुरू, यंदा चषक कोण मारणार. जो तो छातीठोकपणे एकच नाव घेतो. मला हे पटतच नाही.

समजा सोळा संघ आहेत, हरला की बाद, आणि सगळे सारख्या तोडीचे. चषकासाठी सलग चार मॅच मारायला लागतात, प्रत्येक मॅच निम्मी-निम्मी, म्हणजे कुठल्याही गावाचा चान्स सोळात एक, सव्वासहा टक्के. इथपर्यंत सगळे मान डोलवतात. मग कोणीतरी म्हणतंच, अरे पण अमुक संघ भारी आहे ना. बरं, भारी धरू, समोर कोणीही येऊ दे, दहातल्या सहा मॅच तो मारतो म्हणू. आता ०.६ चार वेळा गुणा, उत्तर येतं ०.१२९६, म्हणजे तेरा टक्के. निम्म्या-निम्म्याच्या हिशोबापेक्षा दुप्पट झालं की, पण तरीही शंभरातल्या सत्याऐंशी वेळा चषक दुसऱ्याच गावात जाणार! संघ भारी आहे हे खरं, आणि तोच जिंकेल ही पैज वेडेपणाची, हेही खरंच.

आणि कोणीतरी सलग चार जिंकणारच, स्पर्धेची रचनाच तशी आहे. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला कारणं चिकटतात, पोरांची एकी, ग्रामदैवताचा कौल, नवीन कोच. हरलेल्यांना शिव्या. ह्याचा मला खरंच राग येतो. बरोबरी झाली, पाच-पाच चढायांतही बरोबरी, मग टॉस उडवून सुवर्णचढाई, म्हणजे निकाल लावणारी चढाई, आणि रेडरचा अंगठा फक्कीच्या निदानरेषेपुढे (ही ओलांडली की गुण) टेकला की नाही हे पंच वाकून बघतायत, रेष तर पायांनी अर्धी पुसलेली. एवढ्यावर वर्षभराची मेहनत, आणि लोक म्हणतात "ह्यांच्यात दमच नव्हता".

अवकाळी पाऊस येऊन फायनल अर्ध्यावर थांबली की बक्षीस कसं वाटायचं ह्यावरून हमखास वाद होतो. हा वाद फार जुना आहे. १४९४ मध्ये इटलीत लुका पाचोली ह्या गणितज्ञाने लिहिलं होतं की आतापर्यंत जेवढे डाव जिंकले त्या प्रमाणात वाटा. पण १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा ह्या दोन फ्रेंच गणितज्ञांनी पत्रांतून हे नीट सोडवलं, संभाव्यतेचं गणित खऱ्या अर्थाने तिथूनच सुरू झालं असं मानतात. पास्कलचं उदाहरण असं, दोन सारखे खेळाडू, दोघांनी ३२-३२ सोन्याची नाणी लावलीत, आधी तीन डाव जिंकेल तो सगळी ६४ घेणार, आणि २-१ वर खेळ थांबला. पुढचा डाव झाला असता तर? पुढे असलेला जिंकला तर ६४, हरला तर २-२, म्हणजे निम्मी ३२. म्हणजे ३२ तर त्याची कुठेच जात नाहीत, उरलेल्या ३२ ची निम्मी आणखी, एकूण ४८, आणि दुसऱ्याला १६. मागे काय झालं ते सोडा, पुढे काय होऊ शकतं ते मोजा, केवढा साधा आणि केवढा जबरदस्त विचार आहे हा!

खरा भारी संघ शोधायचाच असेल तर प्रत्येक फेरीत मॅच वाढवायला लागतात, तरी फार फरक पडत नाही, तोच साठ टक्क्यांचा संघ तीनातल्या दोन मारायच्या अटीवर एक फेरी जिंकायच्या पासष्ट टक्क्यांपर्यंत जातो, सातातल्या चार मारायच्या तर एकाहत्तर. एका रात्रीत सोळा संघ उरकायचे म्हटल्यावर एवढं जमणार नाही, हे मंडळांनाही कळतं. पण निदान सुरुवातीला साखळी ठेवा राव, पहिल्याच मॅचमध्ये हरलेल्या पोरांना अजून दोन मॅच तरी खेळायला मिळतील.